रावबहादूर दादोबा पांडुरंग आणि कर्मणि प्रयोग

इंग्रजीचा अभ्यास करतांना आमचे पुष्कळ विद्यार्थी ज्या एका ठिकाणीं हटकून अडखळतात, तें ठिकाण म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस होय. 'पत्र लिहिलें जातें' याचें इंग्रजी कोणी 'इज राइट' असें करतो, कोणी 'इज रोट' असें करतो. 'इज रिटन' हें शुद्ध रूप फार थोड्या वह्यांत आढळतें. पालकांस वाटतें कीं, मुलानें रूपें पाठ केलीं नाहींत. आमचें मत थोडें निराळें आहे. गोंदिया जिल्ह्यांतील मुलांच्या कानांवर घरीं पोवारी, गोंडी किंवा झाडीबोली, बाजारांत हिंदी, आणि शाळेंत मराठी व इंग्रजी इतक्या भाषा पडतात; परंतु त्यांपैकीं एकीची तरी घडण त्यांस कोणी उलगडून दाखविलेली असते काय? मराठीपुरतें हें काम ज्यांनीं ऐन तारुण्यांत हातीं घेतलें व म्हातारपणींही सोडलें नाहीं, त्या दादोबा पांडुरंग यांचें चरित्र म्हणून आम्ही येथें देत आहों.

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म ता. ९ मे १८१४ रोजीं मुंबईस झाला. वसईजवळचें तर्खड हें या घराण्याचें मूळ गांव. घराणें बुद्धिमान होतें. धाकटे बंधु भास्कर पांडुरंग यांनीं १८४१ सालीं वर्तमानपत्रांतून इंग्रजी राज्यकारभारावर सडेतोड पत्रें लिहिलीं. दुसरे बंधु डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे १८६७ सालीं स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक होत. या आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिनें १८७८ सालीं, विलायतेस जाण्याच्या तयारींत असलेल्या तरुण रवींद्रनाथ ठाकुरांस इंग्रजी संभाषण शिकविलें, ही गोष्ट आमच्या वाचकांस मौजेची वाटेल.

दादोबा शिकत होते त्या काळीं मराठीची स्थिति मोठी चमत्कारिक होती. काव्य होतें, बखरी होत्या, पत्रव्यवहार होता. पण या भाषेस कांहीं नियम आहेत, असें मात्र फारसें कोणी मानीत नसे. व्याकरण म्हणजे संस्कृताचें, अशी समजूत. विल्यम कॅरे या मिशनऱ्यानें १८०५ सालीं श्रीरामपूरला मराठीचें व्याकरण छापलें होतें, परंतु तें इंग्रजींत व परकीयांकरितां. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला. मुंबईंत कांहीं पंडितांचे प्रयत्न चालू होते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलास इंग्रजी नाम व क्रियापद कोणतें हें सांगतां येई, पण आईशीं तो जें बोले त्यांत क्रियापद कोणत्या शब्दाच्या मागें चालतें, हें त्याला ठाऊक नसे.

१८३६ सालीं दादोबांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध झालें. ग्रंथकर्त्याचें वय त्या वेळीं अवघें बावीस वर्षांचें होतें! इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यापुढें होती, संस्कृताची परिभाषा होती. आणि या दोहोंच्या मधें मराठीला तिचें स्वतःचें आसन द्यावयाचें होतें. कर्तरि, कर्मणि व भावे हीं प्रयोगांचीं नांवें आज आपण सहज उच्चारतों. मराठी शाळांत तीं रुळलीं त्यांत दादोबांच्या पुस्तकाचा वांटा मोठा आहे.

या प्रयोगांचा आपल्या इंग्रजीशीं काय संबंध, तें आतां पाहूं. उदाहरणें आमचीं आहेत. 'मुलगी पत्र लिहिते' येथें क्रियापद मुलीच्या मागें चालतें. 'मुलीनें पत्र लिहिलें' असें झालें कीं तें मुलीस सोडून पत्राच्या मागें लागतें. पत्राऐवजीं चिठ्ठी असेल तर 'लिहिली', अनेक पत्रें असतील तर 'लिहिलीं'. मुलीच्या जागीं मुलगा आणला तरी क्रियापद हलत नाहीं. हा कर्मणि प्रयोग. आपल्या बाजारपेठेंतील हिंदीही 'लडकीने चिठ्ठी लिखी' अशीच चालते. संस्कृतांतील कर्मणि भूतकालवाचक धातुसाधिताचा हा वारसा आहे. इंग्रजींत मात्र 'द गर्ल रोट अ लेटर' हें सरळ कर्त्याचें वाक्य आहे. तेव्हां कर्मणि दिसला कीं पॅसिव्ह करावा, हा समज चुकीचा ठरतो.

पॅसिव्हचें खरें भावंड निराळें आहे. लिहिलें जातें, लिहिलें गेलें, लिहिलें जाईल. इज रिटन, वॉज रिटन, विल बी रिटन. दोन्ही ओळी जवळ ठेवून पाहाव्या. मराठींत काळ दाखविण्याचें ओझें 'जाणें' या क्रियापदानें उचललें आहे, इंग्रजींत तें 'बी'च्या रूपांनीं. 'लिहिलें' हा शब्द तिन्ही ठिकाणीं तोच. 'लिहिलें जाईल' यांतील 'लिहिलें' भूतकाळाचें आहे असें कोण म्हणेल? तसाच 'रिटन' हा शब्दही तिन्ही ठिकाणीं अचल. मुलगा फसतो तो अशामुळें कीं, मराठींत 'लिहिलें' हें एकच रूप दोन्ही कामें करतें आणि इंग्रजींत त्या कामांस 'रोट' व 'रिटन' असे दोन वेगळे गडी आहेत. उत्तरकालीन वैयाकरणांनीं या जोडरूपास नवीन कर्मणि किंवा कर्मकर्तरि अशीं नांवें दिलीं. 'वॉज हॅपन्ड' ही दुसरी नेहमींची चूक सकर्मक-अकर्मक भेद विसरल्यानें होते. 'अपघात झाला गेला' असें मराठींत कोणी म्हणत नाहीं; मग इंग्रजींत तरी कां म्हणावें?

पुन्हा चरित्राकडे वळूं. दादोबांनीं शिक्षकाची नोकरी केली. ते सुरतेस असतां १८४४ सालीं दुर्गाराम मेहताजी व ते यांनीं मानवधर्मसभा काढली. मुंबईस १८४९ सालीं परमहंस सभा निघाली, तिचेही ते आधारस्तंभ. सभासद होणाऱ्यास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. परंतु सर्व कारभार गुप्त. पुढें १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, नांवें फुटण्याच्या धाकानें लोक पांगले व सभा मोडली. शब्दांच्या बाबतींत इतका निर्भय असलेला पुरुष जातिभेद मोडण्याचें काम मात्र बंद दाराआड करीत होता, हें आम्हांस थोडें खटकतें; पण त्या काळीं बहिष्कार म्हणजे काय, हें आज घरांत बसून समजणें कठीण आहे.

१८५२ सालीं ते डेप्युटी कलेक्टर झाले. पुढें रावबहादूर ही पदवी मिळाली. सरकारी हुद्द्यांत मनुष्य पुस्तकें विसरतो, असा अनुभव आहे. येथें तसें झालें नाहीं. व्याकरणाची सुधारून वाढविलेली आवृत्ति १८५० सालीं निघाली होती, त्यानंतरही आवृत्त्या निघत गेल्या, आणि मोरोपंतांच्या केकावलीवर 'यशोदापांडुरंगी' ही टीकाही त्यांनीं लिहिली.

लोक त्यांस मराठीचे पाणिनि म्हणतात. ही उपमा आम्हांस जरा जड वाटते. पाणिनीच्या मागें वैयाकरणांची मोठी परंपरा उभी होती; दादोबांस वाट बरीचशी स्वतःच पाडावी लागली, आणि म्हणून त्यांच्या पुष्कळ मतांवर पुढें वादही झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठी व्याकरणावर निबंध लिहिले. मोरो केशव दामले यांनीं १९११ च्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त पूर्वसूरींचीं मतें एकेक करून तपासलीं.

स्वतः दादोबांसही आपलें पुस्तक पुरें झालें असें वाटत नव्हतें. पहिल्या आवृत्तीनंतर पंचेचाळीस वर्षांनीं, १८८१ सालीं, त्यांनीं 'मराठी व्याकरणाची पूरणिका' प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षीं, ता. १७ ऑक्टोबर १८८२ रोजीं, ते निवर्तले. त्यांनीं लिहिलेलें आत्मचरित्र अपुरेंच राहिलें होतें, तें अ. का. प्रियोळकर यांनीं १९४७ सालीं संपादून छापलें.