आगरकरांचे अल्प आयुष्य

कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी 14 जुलै 1856 रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरची स्थिती अत्यंत गरिबीची. त्यामुळे त्यांचे बालपण कऱ्हाडास आजोळी गेले. तेथील शाळेचे शिक्षण संपल्यावर पुढे शिकण्यास पैसा कोठून आणावयाचा? गोपाळने काही दिवस कचेरीत कारकुनी केली, काही दिवस दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. रत्नागिरीस जाऊन माधुकरी मागूनही शिकून पाहिले. शेवटी अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांनी 1875 मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नाव घातले.

कॉलेजात त्यांच्यापाशी एकच सदरा होता. रात्री तो धुवावा, वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात जावे, असा त्यांचा क्रम असे. इतक्या हालात शिकलेला मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरील आणि घरचे दारिद्र्य फिटेल, अशी आई आस लावून बसली होती. परंतु आगरकरांनी तिला पत्राने कळविले, की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून आपण सर्व वेळ लोकांच्या हितासाठी घालविणार. आईला हे पत्र वाचून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या तरुणास एक चिवट व्याधी होती. ती म्हणजे दमा. या व्याधीने जन्मभर त्यांची पाठ सोडली नाही.

दमा म्हणजे नुसती धाप नव्हे. आपण नाकाने घेतलेली हवा श्वासनलिकेतून फुप्फुसांत जाते. झाडाला फांद्या व फांद्यांना डहाळ्या फुटाव्यात, तशा या नलिकेला पुढे बारीक बारीक शाखा फुटतात. दमेकऱ्याच्या या शाखांचे अस्तर सुजलेले असते. दम्याचा झटका आला म्हणजे त्यांच्या भोवतालचे स्नायू आवळले जातात, आत चिकट कफ साचतो आणि वाट अगदी अरुंद होते. मग आत गेलेली हवा बाहेर टाकतानाही छातीतून सूं सूं असा आवाज येतो. हा त्रास बहुधा रात्री किंवा पहाटे अधिक होतो. रोग्यास आडवे पडवत नाही. तो पुढे वाकून बसतो आणि एकेका श्वासासाठी धडपडतो.

ही सूज येते कशाने? आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतू शरीरात शिरले की त्यांस ओळखून त्यांचा नाश करणे, हे या पेशींचे काम. या रक्षणव्यवस्थेलाच प्रतिकारशक्ती म्हणतात. परंतु काही माणसांच्या शरीरातील हे पहारेकरी फार तापट असतात. फुलातील परागकण, घरातील धूळ, जनावरांचा कोंडा अशा निरुपद्रवी वस्तू श्वासाबरोबर आत आल्या, तरी त्यांस ते शत्रू समजतात. चोर समजून पाहुण्यालाच झोडपावे आणि त्या झटापटीत घरातलीच भांडीकुंडी फोडावीत, तसा हा प्रकार होतो. हिस्टॅमिनसारखी तीव्र द्रव्ये या पेशींतून बाहेर पडतात, श्वासनलिकांचा दाह होतो आणि दमा उसळतो. सर्वांचा दमा याच कारणाने होतो असे मात्र नाही. कोणास थंड हवा बाधते, कोणास धूर, कोणास पडसे. जळगाव-धुळ्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपास जी धूळ व बारीक तंतू उडतात, तेही दमेकऱ्यास सोसत नाहीत. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आगरकरांच्या काळी यांतील फारच थोडे ज्ञात होते. पुष्कळ डॉक्टर दम्यास मज्जातंतूंचा विकार समजत. धोत्र्याच्या पानांचा धूर ओढणे हा तेव्हाचा एक प्रचलित उपाय होता. त्याने आवळलेले स्नायू काही वेळ सैल पडत. पण दाह तसाच राही, आणि धोत्रा विषारी असल्यामुळे हा उपचार धोक्याचाही असे. शरीराच्या या विपरीत वागणुकीस ॲलर्जी हे नाव व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टरांनी 1906 मध्ये दिले. दम्याचे औषध मोजक्या मात्रेत थेट श्वासाबरोबर घेण्याचे पंप 1956 मध्ये निघाले. आगरकरांच्या जन्मास तेव्हा 100 वर्षे झाली होती. आता दाह शमविणारी औषधेही अशाच रीतीने घेता येतात, आणि ती नियमाने घेणारे पुष्कळ दमेकरी खेळतात, पोहतात, डोंगरही चढतात.

असे कोणतेच साधन हाताशी नसताना आगरकरांनी केलेले काम पाहिले म्हणजे मन थक्क होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते अल्प वेतनावर शिकवीत. 1881 मध्ये निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूर संस्थानच्या कारभारावरील लेखांमुळे 1882 मध्ये त्यांना व टिळकांना मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. तुरुंगाच्या कोंदट खोलीत दमेकऱ्याचे कसे हाल झाले असतील! पण तेथेही या दोघा मित्रांचे वादविवाद रात्री रंगत. सुटून आल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर एक पुस्तकही लिहिले.

पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर दोघांचे पटेना. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' हे पत्र काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद यांवर त्यांनी कठोर टीका केली. मुलींना मुलांप्रमाणेच शिक्षण द्यावे, असा आग्रह धरला. तेव्हा चिडलेल्या लोकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. आगरकरांनी ती पाहिली. लेखणी मात्र खाली ठेवली नाही. 1892 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. कॉलेजचे काम, पत्राचे लेखन आणि रात्रीचे जागरण यांनी प्रकृती खालावत गेली.

17 जून 1895 रोजी दम्यानेच त्यांचे निधन झाले. वयाची 39 वर्षे पुरी होण्यास अजून काही दिवस होते. आपल्या मृत्यूनंतर पत्नी यशोदाबाईंवर कोणापुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये, म्हणून अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच एका पुरचुंडीत बांधून ठेवले होते. टिळकांनी अनेक वर्षांचे वितुष्ट बाजूस ठेवून 'केसरी'त या जुन्या मित्रावर मृत्युलेख लिहिला.