मराठी वाक्याला शिस्त लावणारे मेजर कँडी

आळंदीच्या रस्त्यावरचे दिघी हे एकेकाळचे लहानसे खेडे. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी पुण्याकडे निघाली की याच वाटेने पुढे जाते. आज मात्र दिघीची ओळख निराळी आहे. लष्करासाठी पूल आणि अभियांत्रिकी साधने विकसित करणारी संरक्षण संशोधन संस्था येथे आहे, १९९४ साली सुरू झालेले आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथेच आहे, आणि शेजारच्या भोसरीपासून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली आहे. या सगळ्या पट्ट्यात यंत्राच्या जोडीला एक कागद हमखास असतो. यंत्र कसे सुरू करावे, कोणती झडप आधी उघडावी, कोठे हात घालू नये हे सांगणारा तो कागद. तो बहुधा इंग्रजीत असतो, आणि मराठीत असलाच तर पुष्कळदा असा असतो की कामगाराने तो बाजूला ठेवून जुन्या मिस्त्रीला विचारणे पसंत करावे. लिहिणाऱ्याचे नाव त्यावर नसते. वाचणाऱ्याला त्याची आठवणही राहत नाही, आणि लिखाण चांगले वठल्याची खूणही तीच मानली जाते.

वाचून कृती करायची आहे अशा मजकुराची मराठी कशी असावी, हा प्रश्न कारखान्यांच्या कितीतरी आधी पुण्यात उभा राहिला होता. त्या प्रश्नाशी अर्धशतक झुंजलेला माणूस मराठी नव्हता, साहित्यिक नव्हता आणि पेशाने शिक्षकही नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील दुभाषा होता. त्याचे नाव मेजर टॉमस कँडी.

कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉयल या गावी झाला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. टॉमस यांचे शिक्षण ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन महाविद्यालयात झाले, आणि १८२२ मध्ये दोघे भाऊ मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल होण्यासाठी हिंदुस्थानात आले. जॉर्ज पुढे सैन्य सोडून धर्मोपदेशक झाले. टॉमस यांच्याकडे पलटणीत दुभाष्याचे काम आले आणि तेथून त्यांचे आयुष्य मराठीशी बांधले गेले ते कायमचे. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. कंपनी सरकारला वसुली करायची होती, न्याय द्यायचा होता, रस्ते आणि मोजणी करायची होती. त्यासाठी हुकूम लिहावे लागत, आणि ते हुकूम ज्यांनी पाळायचे त्यांना ते समजणे भाग होते. पलटणीच्या दुभाष्याचा सारा भर नेमका येथेच असतो. त्याने सांगितलेल्या वाक्याचे दोन अर्थ निघाले तर त्याची किंमत सौंदर्याच्या भाषेत मोजली जात नाही.

लेफ्टनंट जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांनी मराठी शब्दांचा संग्रह करण्याचे काम आधीच आरंभले होते. १८२५ च्या सुमारास सरकारने ते अधिकृतपणे हाती घेतल्यावर दोघे कँडी बंधू मोल्सवर्थ यांचे साहाय्यक झाले. मराठी पंडितांची एक तुकडी दिमतीला होती. शब्द गोळा करायचा, तो कोकणात चालतो की देशावर हे पाहायचे, बोलण्यात आहे की केवळ काव्यात हे ठरवायचे, संस्कृतातून आला की फारसीतून हे नोंदवायचे आणि मग त्याच्या एकेका अर्थाला वेगळा आकडा द्यायचा, अशी ती पद्धत होती. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही संख्या ६० हजारांच्या घरात गेली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मराठीचा पहिला मोठा कोश साहेबांनीच केला अशी समजूत अजूनही आढळते. प्रत्यक्षात जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके आदी शास्त्रीमंडळींनी रचलेला मराठी-मराठी कोश १८२९ मध्येच बाहेर पडला होता. याच क्रमवंतशास्त्र्यांना हाताशी धरून कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आणली होती. मुंबईत १८२३ साली निघालेल्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांना मोजणी आणि बांधकाम शिकायचे होते, आणि ते मराठी व गुजराती भाषांतून शिकवायचे असा जर्व्हिस यांचा हट्ट होता. मराठीतील तांत्रिक लेखनाची पहिली बैठक ती हीच. कँडी यांच्या वाट्याला आले ते त्यापुढचे काम, आणि ते अधिक किचकट होते.

१८३६ च्या सुमारास मोल्सवर्थ प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतले. इंग्रजी-मराठी कोश अर्धवट राहिला होता. तो पुरा करण्याची जबाबदारी कँडी यांच्यावर पडली. उलट दिशेचा हा कोश करणे किती अवघड असते हे भाषांतर करणाऱ्याला विचारावे. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगताना चार ओळींचे स्पष्टीकरण खपून जाते. पण इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द द्यायचा म्हटला की, जो वापरता येईल असा शब्दच द्यावा लागतो. ती वस्तूच या मुलखात नसेल, ती कल्पनाच कोणी मांडली नसेल, तर शब्द आणायचा कोठून? बोलीतून उचलावा तर तो एका तालुक्यापुरता; संस्कृतातून घडवावा तर शेतकऱ्याला अपरिचित; फारसीतून घ्यावा तर कचेरीबाहेर परका. कँडी यांनी एका इंग्रजी शब्दापुढे जवळच्या अर्थाच्या अनेक मराठी शब्दांच्या ओळी मांडल्या. १८४७ मध्ये हा कोश प्रसिद्ध झाला आणि १८७३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

दरम्यान १८३७ पासून पुण्यातील विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेची देखरेख कँडी यांच्याकडे आली होती. दक्षिणा निधीतून १८२१ मध्ये सुरू झालेली ही पाठशाळा १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी एकत्र होऊन पूना कॉलेज बनली आणि कँडी तिचे प्राचार्य झाले. शिक्षणाचे माध्यम कोणते असावे हा वाद त्या दशकात मुंबई इलाख्यात पेटलेला होता. सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने उभे होते, तर जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने. कँडी यांनी १८४० च्या आपल्या अहवालात घेतलेली भूमिका या दोन टोकांच्या मधली, पण ठाम होती. नव्या विचारांसाठी इंग्रजीकडे जावे, नव्या शब्दांसाठी संस्कृतच्या भांडाराकडे जावे, आणि लोकांपर्यंत पोहोचायचे तर मराठीतूनच जावे, असा तिचा आशय होता. आजही परिभाषेची समिती बसते तेव्हा बहुधा हीच वाट धरते. तिचे गुण आणि दोष दोन्ही त्या वाटेबरोबर येतात.

‘नीतिज्ञानाची परिभाषा’ (१८४८) हे कँडी यांचे पुस्तक. पण त्यांचे नाव मराठीत टिकले ते त्यानंतरच्या एका छोट्या पुस्तकामुळे. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० मध्ये निघाले. त्याचे महत्त्व कळायला तेव्हाचे लिखाण डोळ्यांपुढे आणावे लागते. रोजचा व्यवहार मोडीत चालत असे. आधी वर रेघ मारायची आणि लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे तिच्याखाली लावत जायचे. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. बखरीचे वाक्य ‘करून’, ‘येऊन’, ‘जाऊन’ अशा दुव्यांनी पानभर चालत राही. ओवी-अभंगाला वृत्तच थांबवत असे आणि एक-दोन दंड पुरत. ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला यात काही अडत नव्हते, कारण वाचणारा मोठ्याने वाची आणि त्याचा आवाज योग्य जागी थांबे.

छापील पुस्तक एकट्याने, मनात वाचायचे असते. तेथे वाचणाऱ्याचा आवाज नसतो. यंत्रावरच्या सूचनेचेच उदाहरण घ्यावे. ‘तेल घाला नंतर यंत्र सुरू करा’ या वाक्यात स्वल्पविराम ‘घाला’नंतर दिला तर यंत्र वाचते, तो ‘नंतर’च्या पुढे सरकला तर यंत्र कोरडेच सुरू होते. सहा शब्दांच्या या वाक्यात अर्थ ठरवणारे एकच चिन्ह आहे. कँडी यांनी इंग्रजीतील ही चिन्हे मराठीत नुसती उचलून ठेवली नाहीत, तर ती कोठे आणि का द्यावीत याची रीत मांडली आणि पुढे शाळेच्या पुस्तकांतून ती मुलांच्या हाताला वळण म्हणून लावली. व्याकरणाचा पाया दादोबा पांडुरंग यांनी १८३६ मध्येच घातला होता. वाक्य कागदावर कसे उभे करायचे, ही बाजू कँडी यांनी सांभाळली.

कायद्याच्या भाषांतरात या कौशल्याची खरी कसोटी लागली. १८६० मध्ये संमत झालेली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेली भारतीय दंडसंहिता मराठीत आणण्याचे काम कँडी यांनी केले. ५११ कलमांचा हा ग्रंथ म्हणजे तांत्रिक लेखनाचा नमुनाच होता. त्यात एकदा दिलेली व्याख्या शेवटपर्यंत तशीच पाळायची असते. कथालेखक त्याच शब्दाची पुनरुक्ती टाळतो. कायद्याच्या लेखकाला ती करावीच लागते, कारण शब्द बदलला की वाचणारा अर्थही बदलला असे समजतो. चोरीचे कलम पाहावे. चोरी केवळ जंगम मालमत्तेची होते. मग दुसऱ्याच्या जमिनीतले झाड? जमिनीत उभे आहे तोवर ते जंगम नाही. लबाडीने नेण्याच्या इराद्याने ते तोडले, की त्या क्षणी चोरी घडली. स्थावर-जंगम हे शब्द मराठीत होतेच, पण ते या काटेकोर सीमारेषेवर बसवायचे होते. खून आणि खुनाच्या व्याख्येत न बसणारा मनुष्यवध यांत भेद करायचा होता, आणि तो भेद एखाद्याच्या फाशीचा प्रश्न होता. ही संहिता दीडशेहून अधिक वर्षे चालली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

१८५५ मध्ये सरकारचे शिक्षण खाते सुरू झाले आणि मराठी शाळांसाठी क्रमिक पुस्तकांची मालिका निघाली. त्या पुस्तकांवर कँडी यांची नजर होती. परशुरामपंत गोडबोले, कृष्णशास्त्री चिपळूणकर अशी मातब्बर मंडळी खात्याच्या भाषांतरांच्या आणि पुस्तकांच्या कामात होती. कृष्णशास्त्र्यांचे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ (१८५५) हे याच काळातले. पण कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता काढायचा याचा शेवटचा अधिकार साहेबाकडे होता. मायबोली म्हणून मराठी लिहिणाऱ्या विद्वानांचे लेखन इंग्लंडात जन्मलेल्या माणसाने तपासावे ही स्थिती मुळातच अवघड होती. कँडी यांचा व्यासंग कितीही खरा असला तरी तो अवघडपणा त्याने कमी होत नव्हता.

त्याला वाचा फुटली ती पुढच्या पिढीत. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सरकारी भाषांतरांच्या मराठीवर, तिच्यावर चालणाऱ्या साहेबी अधिकारावर कोरडे ओढले. त्यांची तक्रार निराधार नव्हती. क्रमिक पुस्तकांतली भाषा सरळ होती, स्वच्छ होती, पण तिच्यात बखरीचा डौल नव्हता की घरातल्या बोलण्याची ऊब नव्हती. इंग्रजी वाक्याचा सांगाडा अनेकदा आतून दिसे. गंमत अशी, की विष्णुशास्त्र्यांची ती घणाघाती, लांब पल्ल्याची वाक्ये वाचताना वाचक कोठेही अडखळत नाही, त्याचे पुष्कळसे श्रेय तीत जागोजाग पेरलेल्या स्वल्पविराम-अर्धविरामांना जाते. निबंधाला आणि वादाला विष्णुशास्त्र्यांची मराठी हवी. पण औषधाच्या बाटलीवर, मोजणीच्या पुस्तकात, वीजजोडणीच्या फलकावर ती चालणार नाही. तेथे कँडी यांचीच बिनरंगी मराठी कामाला येते. भाषेच्या इतिहासात मात्र पहिल्या प्रकाराला जेवढी पाने मिळाली, तेवढ्या ओळीही दुसऱ्याला मिळाल्या नाहीत.

२६ फेब्रुवारी १८७७ रोजी कँडी यांचे निधन झाले. हिंदुस्थानात येऊन त्यांना जवळजवळ ५५ वर्षे झाली होती, आणि त्यांतली बहुतेक मराठीच्या कामात गेली होती. ‘निबंधमाला’ तेव्हा ऐन भरात होती.

मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा कोश त्यानंतरही चालत राहिला. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्येच त्याची संक्षिप्त आवृत्ती काढली होती. १९७५ मध्ये पुण्यातून मूळ कोशाचे पुनर्मुद्रण झाले आणि पुढे शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर सर्वांसाठी खुला केला. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ यांच्या नावाखाली साहाय्यक म्हणून जॉर्ज आणि टॉमस कँडी यांची नावे आहेत. कोकणातून आणि देशावरून शब्द टिपून आणणाऱ्या, एकेका अर्थावर वाद घालणाऱ्या पंडितांची नावे त्या पानावर नाहीत.