विश्लेषण : फक्त ९९ दिवसांचा जर्मन सम्राट, तोही आवाज गमावलेला! कोण होता कैसर फ्रेडरिक तिसरा?

जर्मन सम्राट म्हटले की टोकदार मिशांचा, पहिल्या महायुद्धातला कैसर विल्हेल्म दुसरा आठवतो. पण १८७१ ते १९१८ या ४७ वर्षांत जर्मन साम्राज्याला एकूण तीन सम्राट लाभले. त्यातला मधला, म्हणजे या विल्हेल्मचा बाप, जेमतेम ९९ दिवस गादीवर होता. २७ वर्षे युवराज म्हणून वाट पाहिल्यावर मुकुट मिळाला, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्याने राज्यकारभार केला. राणी व्हिक्टोरियाच्या या थोरल्या जावयाची कहाणी एका फसलेल्या निदानाची आहे, तशीच हुकलेल्या संधींचीही आहे.

कोण होता फ्रेडरिक?

फ्रेडरिकचा जन्म १८ ऑक्टोबर १८३१ रोजी पॉट्सडॅमच्या 'नॉयेस पाले' म्हणजे नव्या राजवाड्यात झाला. त्याचे घराणे होहेनझोलर्न, प्रशियाचे राजघराणे. या घराण्यातल्या मुलांच्या हातात लहानपणीच बंदूक आणि गणवेश येत असे. फ्रेडरिकच्या आईने मात्र मुलाने पुस्तकेही वाचावीत असा आग्रह धरला. प्राचीन ग्रीसचे अभ्यासक अर्न्स्ट कुर्टियस त्याचे शिक्षक होते. पुढे तो बॉन विद्यापीठात कायदा आणि इतिहास शिकला. प्रशियाच्या राजपुत्राने विद्यापीठात जाणे तेव्हा नवलाचे होते.

१८५१ मध्ये लंडनला भव्य औद्योगिक प्रदर्शन भरले. तिथे १९ वर्षांच्या फ्रेडरिकची ओळख राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीशी झाली. तिचेही नाव व्हिक्टोरिया, घरात सगळे तिला व्हिकी म्हणत. ती तेव्हा अवघी दहा वर्षांची होती. चार वर्षांनी सोयरीक ठरली आणि २५ जानेवारी १८५८ रोजी लंडनमध्ये लग्न लागले. राजकारणासाठी जुळवलेल्या या लग्नात दोघांचे मनापासून जमले. त्यांना आठ मुले झाली.

भारताशी काय संबंध?

'कैसर' हा शब्द मुळात रोमच्या सीझरवरून आला. रशियातला 'झार'ही त्याचाच भाऊबंद. १८७६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून राणी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी ठरवले आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात त्याची घोषणा झाली. भारतीय भाषांसाठी निवडलेली पदवी होती 'कैसर-ए-हिंद'.

ही पदवी घेण्यामागे रशियाला शह देण्यासारखी राजकीय कारणे होतीच. पण एक घरगुती कारणही सांगितले जाते. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाल्यामुळे व्हिकी एक दिवस सम्राज्ञी होणार होती आणि तिची आई मात्र नुसती राणीच राहणार होती!

राजा होण्याची संधी आधीच आली होती?

होय. फ्रेडरिकचे वडील विल्हेल्म पहिले १८६१ मध्ये प्रशियाचे राजे झाले. पुढच्याच वर्षी लष्कराच्या खर्चावरून त्यांचे संसदेशी बिनसले. वैतागलेल्या राजाने गादी सोडण्याचा मसुदाच तयार केला. फ्रेडरिक तेव्हा तिशीत होता. त्याने होकार दिला असता, तर तो तेव्हाच राजा झाला असता. पण संसदेशी झालेल्या भांडणातून राजाने पदत्याग करणे त्याला घराण्यासाठी घातक वाटले. त्याने वडिलांनाच गादीवर राहायला सांगितले.

मग संसदेला नमवण्यासाठी राजाने सप्टेंबर १८६२ मध्ये ओटो फॉन बिस्मार्कला सरकारच्या प्रमुखपदी आणले. हाच बिस्मार्क पुढची जवळपास २८ वर्षे सत्तेवर राहिला.

बिस्मार्कशी वाद कशावरून झाला?

१८६३ मध्ये बिस्मार्कच्या सरकारने वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा हुकूम काढला. फ्रेडरिकने डान्झिगमधील एका समारंभात, या निर्णयात आपला सहभाग नव्हता, असे जाहीरपणे सांगून टाकले. युवराजाने सरकारच्या विरोधात बोलणे ही मोठीच गोष्ट होती. वडील संतापले, त्याचे लष्करी पद काढून घेण्याची धमकीही देऊन झाली. तेव्हापासून फ्रेडरिक जाहीरपणे फारसे बोलला नाही आणि त्याला राज्यकारभारापासून दूरच ठेवण्यात आले.

रणांगणावर मात्र त्याची गरज होती. ३ जुलै १८६६ रोजी ऑस्ट्रियाविरुद्धच्या क्योनिगग्रेट्झच्या लढाईत त्याची फौज दुपारी पोहोचली आणि लढाईचा निकाल फिरला. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १८ जूनला, त्याचा २१ महिन्यांचा मुलगा सिगिसमुंड मेंदुज्वराने गेला होता. बाप आघाडीवर होता, तो घरी येऊ शकला नाही. १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात वर्थ आणि सेदानच्या विजयांतही त्याचा मोठा वाटा होता. पॅरिसवर तोफा डागायला मात्र त्याचा विरोध होता.

बर्लिनमध्ये ज्यूविरोधी चळवळ जोर धरत असताना, १८८० मध्ये फ्रेडरिक फील्ड मार्शलचा गणवेश घालून ज्यूंच्या प्रार्थनास्थळात गेला. आपण कुणाच्या बाजूने उभे आहोत, हे त्याने न बोलता दाखवले.

घसा बसला आणि पुढे काय झाले?

जानेवारी १८८७ मध्ये फ्रेडरिकचा आवाज बसला. त्याला धूम्रपानाची सवय होती. सर्दीचा परिणाम समजून सुरुवातीला फार कुणी मनावर घेतले नाही. मार्चमध्ये प्रा. गेरहार्ट यांना डाव्या स्वरतंतूवर गाठ दिसली. तापवलेल्या तारेने ती जाळायचा प्रयत्न अनेकदा झाला, पण गाठ पुन्हा वाढली. मे महिन्यात शल्यविशारद एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांनी कर्करोगाचा संशय घेऊन घसा उघडून शस्त्रक्रिया करायचे ठरवले. तयारीही झाली.

शस्त्रक्रियेच्या तोंडावर लंडनहून घशाचे नामांकित डॉक्टर मॉरेल मॅकेंझी आले. आधी गाठीचा तुकडा तपासा, असे त्यांनी सुचवले. तुकडा गेला तो थेट रुडॉल्फ फिर्खो यांच्याकडे. पेशींच्या पातळीवर रोग ओळखण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, तेच हे फिर्खो. त्यांना मे आणि जूनमध्ये तपासलेल्या नमुन्यांत कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली.

आजच्या भाषेत याला 'फॉल्स निगेटिव्ह' म्हणतात. तपासणी चुकीची नसते, पण नमुना जिथून घेतला तिथे रोगाच्या पेशी नसतात. गाठीचा छोटा, वरवरचा तुकडा काढला की हा धोका असतो. त्यामुळे आज संशय कायम असेल, तर पुन्हा आणि खोलवरचा नमुना घेतात, सोबत स्कॅनही करतात. १८८७ मध्ये स्कॅन नव्हतेच. क्ष-किरणांचा शोधही आठ वर्षे दूर होता.

२१ जून १८८७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी मिरवणुकीत फ्रेडरिक पांढऱ्या गणवेशात घोड्यावर बसून निघाला. लंडनकर त्याच्याकडे पाहतच राहिले. याच सुवर्णमहोत्सवात मुंबईत बोरीबंदरच्या नव्या स्थानकाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. सप्टेंबरमध्ये मॅकेंझी यांना 'सर' ही पदवीही मिळाली.

नोव्हेंबरमध्ये इटलीतल्या सान रेमो इथे मात्र शंका उरली नाही. कर्करोगच होता. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचा पर्याय समोर ठेवला गेला, तो फ्रेडरिकने नाकारला. त्या काळी या शस्त्रक्रियेतून वाचणारे थोडेच असत. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वास कोंडू लागला, तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागली. त्याचा आवाज कायमचा गेला.

दरम्यान हा आजार दोन देशांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनला होता. जर्मन वृत्तपत्रे इंग्रज डॉक्टरवर आणि त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या इंग्रज पत्नीवर तुटून पडली. नंतर जर्मन डॉक्टरांनी आपली बाजू मांडणारा अहवाल छापला, तर मॅकेंझी यांनी पुस्तकच लिहिले. रुग्णाची खासगी माहिती अशी उघड केल्याबद्दल लंडनच्या शल्यविशारदांच्या महाविद्यालयाने त्यांच्यावर ठपका ठेवला.

९९ दिवसांत काय केले?

९ मार्च १८८८ रोजी विल्हेल्म पहिले वयाच्या ९० व्या वर्षी वारले. फ्रेडरिक सान रेमोहून बर्लिनला परतला, पण वडिलांच्या अंत्ययात्रेत चालण्याची ताकद त्याच्यात नव्हती. शार्लोटेनबुर्ग राजवाड्याच्या खिडकीतूनच त्याने ती पाहिली.

नव्या सम्राटाने बिस्मार्कला पदावर कायम ठेवले. एवढ्या आजारात मोठे बदल शक्य नव्हते. तरी जूनच्या सुरुवातीला त्याने निवडणुकीत ढवळाढवळ केल्याचा आरोप असलेले प्रशियाचे गृहमंत्री रॉबर्ट फॉन पुटकामर यांना घरी पाठवले. त्याच्या कारकिर्दीतला हाच सर्वांत ठळक राजकीय निर्णय.

१५ जून १८८८ रोजी, जिथे जन्मला त्याच राजवाड्यात फ्रेडरिकने प्राण सोडला. वय होते ५६. शवविच्छेदनात कर्करोगावर शिक्कामोर्तब झाले.

राजवाड्याला सैनिकांचा वेढा कशासाठी?

बापाने प्राण सोडताच २९ वर्षांच्या विल्हेल्म दुसऱ्याने राजवाड्याभोवती सैनिक उभे केले. आईने खासगी कागदपत्रे इंग्लंडला पाठवू नयेत म्हणून हा बंदोबस्त होता. खोल्यांची झडती झाली, पण हाती काही लागले नाही. महत्त्वाचे कागद फ्रेडरिक-व्हिकीने आधीच इंग्लंडला पोहोचवले होते.

त्याच वर्षी फ्रेडरिकच्या १८७०-७१ च्या युद्धकाळातील रोजनिशीचा काही भाग 'डॉइचे रुंडशाऊ' या मासिकात छापून आला. साम्राज्य उभारण्यात युवराजाचाही वाटा होता, हे त्यातून दिसत होते. बिस्मार्कने तो छापायला देणारे प्राध्यापक गेफकेन यांना तुरुंगात टाकले. काही महिन्यांनी त्यांना सोडावे लागले.

हे माहीत आहे का?

• नाव तिसरा, पण सम्राट दुसरा : फ्रेडरिकला मध्ययुगीन पवित्र रोमन साम्राज्याची परंपरा धरून 'चौथा' व्हायचे होते. त्यातून कायदेशीर गुंता होईल, असे बिस्मार्कने सुचवले. मग प्रशियाच्या राजांचा क्रम धरून 'तिसरा' ठरले.

• तीन आठ, तीन सम्राट : १८८८ या एकाच वर्षात आजोबा, बाप आणि मुलगा असे तिघे गादीवर बसले. सालातल्या तीन आठांमुळे जर्मन विद्यार्थ्यांना हे वर्ष लक्षात ठेवणे सोपे जाते.

• ऑलिम्पियाचे उत्खनन : प्राचीन ऑलिम्पिक जिथे होत, त्या ग्रीसमधल्या ऑलिम्पियात १८७५ पासून जर्मनांनी मोठे उत्खनन केले. नेतृत्व होते फ्रेडरिकचे जुने शिक्षक कुर्टियस यांचे आणि युवराजाचा त्याला भक्कम पाठिंबा होता. सापडलेल्या वस्तू ग्रीसमध्येच राहतील, हे जर्मनीने करारानेच मान्य केले होते.

• सुएझची गाठभेट : १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्घाटनाला फ्रेडरिक आणि फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी दोघेही हजर होते. वर्षभराच्या आत त्याच्या फौजेने तिच्या नवऱ्याचे साम्राज्य संपवण्यास हातभार लावला.

• स्पेनचा राजा खापरपणतू : फ्रेडरिकची मुलगी सोफी ग्रीसची राणी झाली. तिचा मुलगा राजा पॉल, त्याची मुलगी स्पेनची राणी सोफिया आणि तिचा मुलगा स्पेनचे सध्याचे राजे फेलिपे सहावे.

• भांडी म्हणून गेलेली पत्रे : व्हिकीने आईला लिहिलेली पत्रे १९०१ मध्ये तिच्या मृत्यूच्या काही महिने आधी खोक्यांत भरून इंग्लंडला गेली. खोक्यांवर चिनी मातीची भांडी आणि पुस्तके असे लिहिले होते. १९२८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

• वाड्याचे हॉटेल : नवऱ्याच्या आठवणीसाठी व्हिकीने फ्रँकफर्टजवळ क्रोनबेर्गला बांधलेला वाडा आज हॉटेल आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लपवलेले राजघराण्याचे दागिने अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांनीच पळवले. पुढे त्यांना शिक्षा झाली.

तो जगला असता तर?

जर्मन इतिहासातला हा जुना वाद आहे. काही अभ्यासकांच्या मते फ्रेडरिकने जर्मनीला ब्रिटनसारख्या संसदीय वाटेवर नेले असते आणि पहिले महायुद्ध कदाचित टळले असते. इतर अभ्यासक सावध आहेत. राजाच्या अधिकारांवर आणि लष्करावर त्याचाही विश्वास होता, बिस्मार्कपुढे तो अनेकदा नमला आणि संधी आली तेव्हा मागे सरला, याकडे ते लक्ष वेधतात.

एवढे नक्की की जर्मनीच्या राज्यघटनेने चॅन्सेलर नेमण्याचा आणि काढण्याचा, तसेच सैन्याच्या सर्वोच्च नेतृत्वाचा अधिकार एका माणसाच्या हाती दिला होता. त्यामुळे गादीवर ५६ वर्षांचा, युद्ध जवळून पाहिलेला बाप आहे की २९ वर्षांचा उतावळा मुलगा, याने फरक पडत होता. मुलाने दोन वर्षांतच बिस्मार्कला घालवले, नौदल वाढवत ब्रिटनशी स्पर्धा मांडली आणि १९१८ मध्ये पराभवानंतर गादी सोडून हॉलंड गाठले. देशाचे भवितव्य एका माणसाच्या स्वभावावर आणि तब्येतीवर सोपवले की काय होते, हे समजून घ्यायला १८८८ हे साल पुरेसे आहे.

फ्रेडरिकची समाधी पॉट्सडॅमला सान्सुसी उद्यानात आहे. शेजारी व्हिकी आहे आणि लहानपणीच गेलेली त्यांची दोन मुलेही. त्यातलाच एक सिगिसमुंड.