जमिनीवरच उडायला शिकविणारे एडविन लिंक

संगणकावर विमान उडविण्याचे खेळ तुम्हा सर्वांना आवडतात. साध्या खेळात एक बटण दाबले की इंजिन सुरू होते. पण वैमानिक ज्यावर शिकतात त्या सिम्युलेटरमध्ये तसे चालत नाही. आधी बॅटरी, मग जनरेटर, मग पंख्याच्या पात्यांचा कोन, असे सर्व क्रमाने करावे लागते. उडताना जनरेटर बंद पडला तर बॅटरी उतरत जाते आणि एकेक उपकरण मान टाकते. नक्कल इतकी खरी कशासाठी? याचे उत्तर एडविन लिंक यांच्या जीवनात मिळते.

त्यांचा जन्म 26 जुलै 1904 रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे आले. तिथे वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. एडविन तिथेच काम शिकले. 1920 मध्ये त्यांनी विमानाचा पहिला धडा घेतला. त्यासाठी 50 डॉलर मोजले, पण शिक्षकाने त्यांना दांड्याला हातसुद्धा लावू दिला नाही. विमान महाग आणि चूक त्याहून महाग, अशी तेव्हाची स्थिती होती.

म्हणून त्यांनी कारखान्याच्या तळघरात एक विमान बनविले, जे जमीन कधी सोडणारच नव्हते. आपल्या पेटीला जसा भाता असतो तसे ऑर्गनचे भाते त्यांनी एका छोट्या लाकडी विमानाखाली बसविले. आतील दांडा हलविला की भात्यांतील हवा कमीजास्त होई आणि विमान झुके, कलंडे, वळे. 1931 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. मात्र वैमानिकांच्या शाळांनी त्याकडे पाठ फिरवली. बरीचशी यंत्रे जत्रेतल्या पाळण्यासारखी करमणुकीच्या बागांत गेली.

1934 मध्ये अमेरिकेत टपाल नेण्याचे काम लष्करी वैमानिकांवर आले. धुके आणि बर्फात उडण्याची त्यांना सवय नव्हती. काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक प्राणास मुकले. ढगात माणसाचे शरीर त्याला फसवते. विमान वळत असताना ते सरळच चालले आहे असे वाटते. तिथे उपकरणांच्या काट्यांवरच विश्वास ठेवावा लागतो. लिंक हे कौशल्य आपल्या यंत्रावर शिकवीत होते. लष्करी अधिकारी त्यांना भेटायला नेवार्कला आले, त्या दिवशीही हवा वाईटच होती. लिंक त्याच धुक्यातून स्वतः विमान घेऊन उतरले. लष्कराने सहा यंत्रे विकत घेतली. झाकण बंद करून विद्यार्थी आत बसे आणि बाहेर शिक्षकाच्या टेबलावर एक छोटी गाडी नकाशावर त्याचा मार्ग रेखीत जाई. चूक लपत नसे, पण जीवही जात नसे. दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे 10,000 यंत्रे बनली आणि लाखो वैमानिक त्यांवर शिकले.

1954 मध्ये त्यांनी कंपनी विकली. त्याच कंपनीने पुढे अपोलो यानांची सिम्युलेटरे बनविली. 1970 मध्ये अपोलो 13 ची वीज गेली. उरलेल्या थोड्याशा बॅटरीवर यानाची उपकरणे कोणत्या क्रमाने सुरू करावीत, हे पृथ्वीवरील सिम्युलेटरमध्ये आधी तपासून पाहिले गेले. त्या नकलेत विजेचा हिशेब खोटा असता तर? तिघे अंतराळवीर सुखरूप परतले.

लिंक मात्र समुद्राकडे वळले होते. खोल पाण्यात काम करण्यासाठी त्यांनी पाणबुड्या बनविल्या. 17 जून 1973 रोजी फ्लोरिडाजवळ त्यांची पाणबुडी एका बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. आत चौघे होते. त्यांतील दोघांचा मृत्यू झाला आणि त्या दोघांत लिंक यांचा मुलगा क्लेटन होता. पित्यावर याहून मोठा आघात कोणता असणार! तरीही ते कामाला लागले आणि अडकलेल्या पाणबुडीची सुटका करणारे उपकरण त्यांनी तयार केले. 7 सप्टेंबर 1981 रोजी त्यांचे निधन झाले.

पालकांना आणि विश्वस्त मंडळाला मला एवढेच सांगायचे आहे की शाळासुद्धा एक सिम्युलेटरच आहे. इथे चुका होऊ द्याव्यात, पण त्या झाकू नयेत. मुलाला त्याची चूक कागदावर स्पष्ट दिसली पाहिजे, म्हणजे पुढे धुक्यात तो वाट चुकणार नाही.