घोड्यावरून पडलेला व्यापारी आणि व्हेसॅलियस

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर पुढच्या गाडीवर आदळतो. चालकाची छाती स्टिअरिंगवर आपटते. माणूस बोलत असतो, कधीकधी बरगडीही मोडलेली नसते. आत मात्र महाधमनी फाटलेली असू शकते. धडकेने शरीर थांबते, पण हृदय आणि महाधमनीची कमान क्षणभर पुढे जात राहते. कमानीनंतरचा भाग पाठीच्या कण्याला धरून असतो, म्हणून ती बहुधा या दोहोंच्या सीमेवर फाटते. पडल्यामुळे महाधमनीला झालेली इजा जिवंत माणसात ओळखणाऱ्या पहिल्या काही वैद्यांत अँड्रियास व्हेसॅलियस होता. त्याच्या काळी वेगवान वाहन म्हणजे घोडा.

त्याचा जन्म १५१४ सालचा, ब्रसेल्सचा. घराणे वैद्यांचे, वडील सम्राट पाचव्या चार्ल्सचे औषधकार. तरुणपणी त्याने वधस्तंभावरच्या गुन्हेगाराचा सांगाडा चोरून घरी नेला होता. १५३७ मध्ये, तेविशी पूर्ण होण्याआधीच, तो पादुआत शिकवू लागला. तोवर प्राध्यापकाने उंच आसनावरून गेलेनचा ग्रंथ वाचायचा आणि चिरफाड न्हाव्याने करायची, अशी रीत होती. व्हेसॅलियसने सुरी स्वतः हाती घेतली. गेलेनने माणसाच्या खालच्या जबड्यात दोन हाडे सांगितली होती. याला एकच सापडले. गेलेनने प्राणी चिरले होते, हे त्याने ओळखले. १५४३ मध्ये त्याचा शरीररचनेवरील ग्रंथ निघाला आणि पुढे तो सम्राटाचा वैद्य झाला.

ऑग्सबर्गचा लेओनहार्ड वेल्झर घोड्यावरून पडला होता. पुढे त्याच्या पाठीत, कण्याजवळ, धडधडणारी सूज आली. ती महाधमनीच्या फुगवट्याची आहे, असे निदान व्हेसॅलियसने केले. क्ष-किरण यायला अजून तीन शतके होती! १५५७ मध्ये वेल्झर वारला, आणि शवविच्छेदनात निदान खरे ठरले. उपाय मात्र व्हेसॅलियसकडे नव्हता.

आज छातीच्या एक्स-रेत मधली सावली रुंद दिसली की संशय येतो, आणि खात्री सीटी अँजिओग्राफीने होते. पण एक्स-रे साधा दिसला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. अपघात कसा झाला, हे सांगणारा क्लीनर अशा वेळी फार मोलाचा. रक्तदाब आणि नाडीचा वेग औषधांनी उतरवतात, म्हणजे शाबूत राहिलेल्या बाहेरच्या पापुद्र्यावर ताण कमी पडतो. मग जांघेतल्या धमनीतून कापडी आवरणाचा स्टेंट वर नेऊन फाटलेली जागा आतून झाकतात. इजेनंतर फुगलेल्या महाधमनीत असा स्टेंट १९८७ मध्ये खार्किवला निकोलाय व्होलोदोस यांनी बसवला. बहुतेक जखमी मात्र रुग्णालय गाठण्यापूर्वीच दगावतात.

व्हेसॅलियस १५६४ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेला गेला. परतताना झाकिन्थोस या ग्रीक बेटावर त्याचा मृत्यू झाला. पन्नाशीला अडीच महिने उरले होते.