माणसे मोजणाऱ्या इरावतीबाई

मराठी वाचकाला इरावती कर्वे भेटतात त्या बहुधा ‘युगान्त’मधून. महाभारतातील व्यक्तींना देवत्वाच्या वलयाबाहेर आणून तपासणाऱ्या या लेखिकेचा व्यवसाय मात्र माणसे मोजण्याचा होता. डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची ठेवण, शरीराची उंची यांच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. आज माणसाच्या पेशीतील डीएनएची अक्षरे वाचून संगणकाच्या पडद्यावर जी चित्रे उमटवली जातात, त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न इरावतीबाईंनी कॅलिपर हाती घेऊन विचारला होता.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे अभियंता होते. तिथल्या इरावदी नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. शिक्षणासाठी ती पुण्याला हुजूरपागेत आली आणि रँग्लर परांजपे यांच्या घरात वाढली. पुढे फर्ग्युसन महाविद्यालय, मुंबईत गो. स. घुर्ये यांचे मार्गदर्शन आणि महर्षी कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी विवाह. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींनाही सुनेचे जर्मनीला जाणे पसंत नव्हते, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर ती गेली.

बर्लिनमधली संस्था मानववंशशास्त्र आणि सुप्रजननशास्त्र यांची होती व तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. वंशावरून माणसांची प्रतवारी लावण्याचे शास्त्र उभे करणाऱ्यांत फिशर यांचे नाव अग्रभागी होते. युरोपीय वंशाच्या कवट्यांमधील असमानता इतरांहून वेगळी आणि त्यांच्या कथित बौद्धिक श्रेष्ठत्वाशी जोडलेली आहे, अशी त्यांची धारणा होती. ती पडताळण्याचे काम त्यांनी आपल्या या भारतीय विद्यार्थिनीकडे सोपवले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असे प्रबंधात लिहून दिले. गुरूच्या सिद्धान्ताविरुद्ध, परक्या देशात, कर्जाच्या पैशांवर शिकणाऱ्या पंचविशीच्या आतल्या मुलीने हे लिहिले! पदवी मिळाली, पण उत्तीर्ण होण्यापुरत्या सर्वांत खालच्या श्रेणीत.

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या व अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. फिशर यांचा निष्कर्ष नाकारूनही मोजमापाची पद्धत त्यांनी सोडली नाही. या पद्धतीचा जन्म कोणत्या विचारांतून झाला हे ठाऊक असताना ती त्यांनी इतकी वर्षे जवळ बाळगावी, हा आक्षेप त्यांच्यावर नंतर घेतला गेला आणि तो निराधार नाही. मात्र मोजमापांतून त्यांनी काढलेले उत्तर निराळे होते. वि. म. दांडेकर यांच्यासमवेत केलेले महाराष्ट्राच्या मानवमितीवरचे पुस्तक १९५१ मध्ये आले. कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबरचा महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींचा तौलनिक अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. दर्जा एक, नाव एक, पण शरीरलक्षणे भिन्न, असे त्यात दिसले. एकच समाज फुटून जाती झाल्या नाहीत. मुळात वेगळे असलेले, आपसातच बेटीव्यवहार करणारे समूह शेजारी-शेजारी येत गेले आणि त्यांचीच वीण म्हणजे हिंदू समाज, असे त्यांचे प्रतिपादन होते.

टोळीसारखे समूह हाच जातींचा आरंभ असेल, तर आदिवासी समाजाचा अभ्यास बाजूला ठेवता येत नाही. पश्चिम खानदेशातील भिल्लांचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण करून त्यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला. त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला आणि अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा हा सातपुड्याचा पट्टा त्याच्या वाट्याला आला.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई गेल्या. त्यांच्या प्रतिपादनाची परीक्षा झाली ती ३९ वर्षांनी. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग, के. थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राईश व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये २५ भारतीय समूहांतील १३२ जणांचे डीएनए तपासले. त्या समूहांत भिल्लही होते. प्रत्येकाच्या जीनोमवरील पाच लाखांहून अधिक जागा वाचल्या गेल्या. एवढे आकडे माणसाच्या नजरेत मावत नाहीत, म्हणून संगणकप्रणाली एकेका व्यक्तीचा एक ठिपका करते आणि जनुकीय साम्य असलेले ठिपके जवळ मांडते. त्या आलेखात जाती आणि जमाती यांच्यामध्ये स्वच्छ रेघ ओढता आली नाही. जाती टोळीसदृश समूहांतूनच घडल्या असाव्यात, असा अर्थ संशोधकांनी लावला. बहुतेक समूहांत प्राचीन संकर कमी-अधिक आढळला, आणि काही समूहांत तीसहून अधिक पिढ्यांपूर्वीपासून बेटीव्यवहार बंद झाल्याच्या खुणाही.

जीनोम ब्राउझर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या प्रणालीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा पट सरकवत नकाशासारखे एकेका अक्षरापर्यंत खाली उतरता येते. अकराव्या गुणसूत्रावरील हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ आले, की लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आई-वडील दोघांकडूनही हे अक्षर आले तर मुलाला सिकलसेलचा आजार जडतो. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. कवटीच्या मापांत तो कधीच दिसला नसता. आता गावोगाव तपासणी होते, वाहक व्यक्तींना रंगीत कार्डे मिळतात आणि लग्न ठरवताना ती एकमेकांशी पडताळून पाहण्याचा सल्ला दिला जातो.