अहिल्याबाई होळकर आणि मेंटेनन्सचं गणित : बांधलेलं टिकतं कसं?

नवीन फोन घेताना आपण किंमत बघतो. पण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो : बॅटरी, स्क्रीन, रिपेअर. सरकारी इमारतींचंही तसंच आहे. बांधण्यापासून पाडण्यापर्यंतच्या एकूण खर्चाला इंजिनिअर ‘लाइफसायकल कॉस्ट’ म्हणतात. हे गणित अडीचशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्तीला पक्कं माहीत होतं. चला, समजून घेऊया.

चौंडी ते महेश्वर

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 चा, चौंडी गावातला. हे गाव जामखेड तालुक्यात, आपल्या बीड जिल्ह्याच्या हद्दीजवळच. 1733 च्या सुमारास त्यांचं मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी लग्न झालं. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. 1766 मध्ये सासरे गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव. त्याच वर्षी कारभार अहिल्याबाईंनी हाती घेतला आणि महेश्वरहून जवळपास 28 वर्षं चालवला.

परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. वेरूळचं घृष्णेश्वर, काशीचं विश्वनाथ मंदिर (1780), शिवाय ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा ही यादी खूप मोठी आहे.

पैसा दोन खात्यांत

होळकरांच्या कारभारात दोन तिजोऱ्या होत्या. ‘दौलत’ म्हणजे राज्याचा पैसा : फौज, पगार, प्रशासन. ‘खासगी’ म्हणजे राणीच्या हक्काचं उत्पन्न. ही खासगी जहागीर 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना दिली होती. अहिल्याबाईंच्या दानधर्माचा मोठा आधार हीच खासगी.

खरी गंमत पुढे आहे. बांधून झालं, आता तुमचं तुम्ही बघा, असं त्यांनी केलं नाही. अनेक ठिकाणी पूजा, अन्नदान, देखभाल यांसाठी जमिनीचं उत्पन्न किंवा दरवर्षीची ठरावीक रक्कम लावून दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअरसोबत आयुष्यभराचा सर्व्हिस प्लॅन! 13 ऑगस्ट 1795 ला त्या गेल्या, पण ही व्यवस्था चालू राहिली.

मग अडलं कुठे?

स्वातंत्र्यानंतर होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. खासगीचं उत्पन्न सरकारकडे गेलं आणि बदल्यात दरवर्षी 2,91,952 रुपये द्यायचं ठरलं. 1962 मध्ये खासगी ट्रस्ट झाला आणि वेगवेगळ्या राज्यांतल्या 246 मालमत्तांची जबाबदारी त्याच्याकडे आली.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. जमिनीचं उत्पन्न काळाबरोबर वाढू शकतं, कागदावरचा आकडा आपोआप वाढत नाही. चुना, दगड, मजुरी मात्र महागतच जाते. दुसरं म्हणजे मालक कोण, हिशेब कोणाला द्यायचा, हे स्पष्ट हवं. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद कोर्टात गेला. शेवटी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने या ट्रस्टला सार्वजनिक ट्रस्ट कायद्याखाली नोंदणी करायला सांगितलं.

तुमच्या गावासाठी चार प्रश्न

झेडपीची शाळा, आरोग्य उपकेंद्र, पाण्याची टाकी, काहीही घ्या :
1. ही मालमत्ता कोणाच्या नावावर आहे?
2. शेवटची दुरुस्ती कधी झाली?
3. दरवर्षीच्या देखभालीला वेगळा पैसा ठेवलाय का?
4. तडा गेला, गळती लागली, तर कळवायचं कोणाला?

उत्तरं ग्रामसभेत विचारा, नाहीतर माहिती अधिकारात मागवा. फोनचं लोकेशन ऑन करून पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेचे फोटो काढून ठेवा. तडा वाढतोय की नाही, ते दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतं.

उद्घाटनाची कोनशिला सगळेच लावतात. अहिल्याबाईंनी त्या पुढच्या वर्षांचा खर्चही लावून दिला, म्हणून त्यांची कामं टिकली.